हात जमिनीला टेकायलाच हवेत का?

प्रश्न, थोडक्यात: वय ४७. ग्रंथालयात नोकरी, दिवसाचा बराचसा वेळ खुर्चीत. काही महिन्यांपासून कॉलनीतल्या पहाटे साडेपाचच्या सूर्यनमस्कार वर्गाला जाते. रथसप्तमीला प्रत्येकाने १०८ घालायचे असं ठरलंय. वर्गात हात जमिनीला न टेकणारी मी एकटीच. गुडघे जरा वाकवले की सर टोकतात, दोनदा त्यांनी पाठीवर दाब देऊन खाली नेलं. तेव्हापासून उजव्या कुल्ल्याखाली एकाच ठिकाणी दुखतं आणि खुर्चीत बसून तास झाला की तिथेच ठसठसतं. सकाळी कंबर धरलेली असते, अर्ध्या तासाने सुटते. मुंग्या किंवा बधिरपणा नाही. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, पुढे वाकणं बंद करा. सर म्हणतात, शिरा आखडल्यात, ताणल्याशिवाय सुटायच्या नाहीत. भाचीने व्हिडिओ पाठवलाय. त्यातली मुलगी न थांबता वाकते, पाय मागे नेते, परत उभी राहते. “मावशी, हे रोज कर,” असं भाचीचं म्हणणं. कोणाचं ऐकू? वर्ग सोडला तर सगळ्यांपुढे हार मानल्यासारखं होईल, तेही नको आहे.

ताई,

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात हात टेकत नाहीत याचा उल्लेख वारंवार येतो आणि दुखण्याला जेमतेम चार ओळी मिळाल्यात. मी क्रम उलटा लावणार आहे. पण हात टेकण्याचं तुमच्या मनावर इतकं ओझं आहे, की आधी ते उतरवल्याशिवाय पुढचं तुम्ही ऐकणार नाही.

उभं राहून खाली वाकल्यावर हात कुठवर जातात, हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पाय लांब आणि हात आखूड असतील तर जमीन लांबच राहणार, त्यात व्यायामाचा संबंध नाही. शिवाय एखादी बाई पाठीची कमान करून, मान खाली टाकून सहज बोटं टेकवते, पण तिचे खुबे जागचे हललेलेही नसतात. दुसरीचे हात नडगीपर्यंतच जातात, पण ती खुब्यातून छान वाकलेली असते. जमिनीपासूनचं अंतर मोजलं तर पहिली पास आणि दुसरी नापास. पाठीच्या दृष्टीने निकाल उलटा लागायला हवा.

मांडीच्या मागे तीन लांब स्नायू आहेत. ते वर बैठकीच्या हाडाला, म्हणजे कठीण बाकावर बसलं की टोचतं त्या हाडाला धरलेले असतात आणि खाली गुडघा ओलांडून नडगीच्या बाजूच्या हाडांना जाऊन मिळतात. पुढे वाकताना कमरेचा कटोरा, म्हणजे दोन खुब्यांमधला हाडांचा सांगाडा, मांडीच्या हाडांवर पुढे कलायला हवा, दार बिजागरीवर फिरतं तसा. हे स्नायू ताठ असले की बैठकीचं हाड खाली ओढून धरतात आणि कटोरा अडतो. तरीही माणूस वाकायचं थांबवत नाही, कारण समोर सर उभे असतात. मग उरलेलं सगळं वाकणं कमरेच्या मणक्यांतून काढलं जातं. अशा वेळी गुडघे थोडे वाकवले तर त्या स्नायूंचं खालचं टोक सैल पडतं, वरचं हाड मोकळं होतं आणि वाकणं पुन्हा खुब्यात येतं. म्हणजे ज्याला तुमच्या वर्गात लबाडी समजतात, ती तुमच्यासारख्या शरीरात पाठ वाचवणारी युक्ती आहे.

घरी पाहायचं असेल तर पाठीवर झोपा, एक पाय जमिनीवर सरळ ठेवा आणि दुसरा गुडघा न वाकवता हळूहळू वर उचला. बहुतेकांचा पाय ७० ते ९० अंशांच्या दरम्यान अडतो. तुमचा ५०-५५ ला अडत असेल, तर उभ्याने सरळ गुडघ्यांनी हात टेकवायचे म्हणजे बाकीचा हिशेब कंबरच भरणार. उजव्या बाजूला दुखायला लागलं तर मात्र तिथेच थांबा, आकडा काढायच्या नादात पाय ओढू नका.

आता ‘शिरा आखडल्यात’ याबद्दल. मागून ओढ लागते म्हणजे स्नायू आखूड झालाय, असं आपण धरून चालतो. ते दर वेळी खरं नसतं. अशक्त स्नायूही ताठ वाटतो आणि दिवसभर खुर्चीच्या कडेवर दाबला गेलेलाही वाटतो. गुडघ्यामागच्या लवणीतून पोटरीकडे जाणारी सणसणीत ओढ तर कित्येकदा स्नायूची नसतेच, ती पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेची असते आणि नस ताणून धरली की जास्त चिडते. शिवाय ताणण्याच्या व्यायामाने सुरुवातीच्या आठवड्यांत जो फरक दिसतो, तो बहुतांशी स्नायू लांब झाल्यामुळे नसतो. तेवढी ओढ सोसायला मेंदू राजी झालेला असतो. त्याला धाकाने राजी करता येत नाही. पाठीवर कोणी दाब दिला की तो उलट स्नायू आवळून धरतो.

आणि मांड्या सुटल्या की कंबर दुखायची थांबते, हा सरळ हिशेबही पक्का नाही. कोकणात आषाढ-श्रावणात लावणीच्या वेळी बायका चिखलात तासन् तास कमरेतून ओणव्या असतात. त्यांचं खुब्यातलं वाकणं बघून योगवर्गातल्या कोणीही मान खाली घालावी, आणि तरी संध्याकाळी कंबरेला तेल लागतंच. लवचीकपणा हवा, पण त्याच्या जोडीला ताकद आणि विश्रांती नसेल तर नुसत्या लवचीकपणावर कंबर तरत नाही.

तुमच्या दुखण्याकडे येते. कुल्ल्याखाली एकच नेमकी जागा, बसल्यावर ठसठस, आणि सुरुवात जोर लावून वाकवल्यानंतर. पत्रावरून निदान करायचं नसतं, तरी हे वर्णन वाचून पहिली शंका येते ती बैठकीच्या हाडाला स्नायू जिथे चिकटतो तिथल्या कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीसारख्या भागाची. फार खोल पुढे वाकणाऱ्यांत, विशेषतः योगासनं करणाऱ्या आणि पळणाऱ्या मंडळींत, हे दुखणं बऱ्यापैकी दिसतं. खोल वाकलं की ती कंडरा एकीकडे ताणली जाते आणि दुसरीकडे हाडावर दाबली जाते. चिडलेल्या कंडरेला हा दाब अजिबात खपत नाही. म्हणून सरांचा सल्ला, अजून ताणा, हा तुमच्या बाबतीत सध्या तरी चुकीचा आहे. ओढ मांडीच्या मधोमध, मांसल भागात लागली तर चालेल. ती बैठकीच्या हाडापाशी लागली की तेवढ्यावरून मागे या.

मग डॉक्टर बरोबर? निम्मे. पुढचे काही आठवडे खोल वाकू नका असं त्यांना म्हणायचं असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. पण वाकणं कायमचं बंद करणार कसं? तुम्ही ग्रंथालयात काम करता. खालच्या फळीवरची पुस्तकं कोण काढून देणार? वाकायची भीती बसलेली माणसं अंग आवळून वाकतात, आणि लचक भरते ती नेमकी अशाच वेळी, बादली उचलताना. तेव्हा वाकणं बंद करायचं नाही, त्याची जागा आणि खोली बदलायची. खालच्या फळीसाठी एक गुडघा जमिनीवर टेकून बसा किंवा छोटं स्टूल ठेवा. खुर्चीत बसताना घडी केलेला टॉवेल मांड्यांखाली घ्या, म्हणजे हाडावरचा भार थोडा पुढे सरकेल. अर्ध्या तासाने उठून दोन कपाटांमध्ये एक फेरी मारली तरी पुष्कळ.

सकाळच्या धरलेल्या कंबरेबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मणक्यांमधल्या गाद्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. उठल्यानंतर पहिला अर्धा-पाऊण तास त्या टम्म असतात आणि वाकल्यावर त्यांच्यावर येणारा ताण दिवसाच्या मानाने बराच जास्त असतो. तुम्ही पाचला उठून साडेपाचला वाकता. बारा आसनांच्या सूर्यनमस्कारात हस्तपादासन दोनदा येतं, म्हणजे १०८ नमस्कारांत २१६ वेळा खोल पुढे वाकणं, तेही फुगलेल्या गाद्यांवर, सरळ गुडघ्यांनी, मोजणाऱ्याच्या वेगाने. तुमची कंबर फक्त धरते आणि तासाभरात कामालाही लागते, हा तिचा सोशिकपणाच म्हणायचा.

भाचीच्या व्हिडिओची कल्पना मला आवडली, वेग नाही. एका जागी मिनिटभर दातओठ खाऊन ताण धरण्यापेक्षा श्वासाबरोबर ओढीच्या उंबरठ्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, हे तुमच्यासारख्या ताठ आणि धास्तावलेल्या शरीराला जास्त मानवतं. पण व्हिडिओतली मुलगी मुळातच सैल सांध्यांची दिसते. तिचा क्रम तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. त्याच धाटणीचा, जमिनीवरून सुरू होऊन उभ्याने संपणारा असा क्रम सांगते. संध्याकाळी करा, किंवा सकाळी उठून तासभर झाल्यावर, चहा-पाणी आणि घरातल्या घरात थोडं चालणं उरकून.

सतरंजीवर हात आणि गुडघे टेकून चौपायी व्हा. श्वास सोडत पाठ छताकडे गोल करा, घेत सैल सोडा. मार्जारासनच, पण टोकाला न जाता, आळसावलेल्या मांजरासारखं नव्हे तर नुकत्याच जागं होत असलेल्या. सहा-आठ वेळा झालं की पाठ सपाट ठेवून कुल्ले टाचांकडे न्यायला लागा. कुठल्यातरी एका क्षणी कंबर आपोआप गोल व्हायला लागेल. त्याच्या अलीकडे थांबून परत पुढे या. हे दिसायला काहीच नाही, आणि माझ्या मते सगळ्या क्रमातलं सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण खुबा कुठे संपतो आणि कंबर कुठे सुरू होते हे इथे पहिल्यांदा कळतं. घरातल्या कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. त्यांना ती जागा तुमच्याआधी दिसेल.

तिथूनच डावा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणा. अश्वसंचलनासारखं, फक्त मागचा गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेकलेला, आणि हात जमिनीवर नाहीत, दोन बाजूंना ठेवलेल्या दोन पाटांवर किंवा जाडजूड पुस्तकांवर. (पुस्तकांवर हात टेकायला तुमचं मन होणार नाही, म्हणून पाट म्हटलं.) श्वास सोडत कुल्ले मागे न्या, पुढचा गुडघा जेवढा सहज सुटेल तेवढाच सुटू द्या, टाच टेकलेली, चवडा वर. छाती पुढे बघतेय की खाली कोसळतेय याकडे लक्ष असू द्या. श्वास घेत पुन्हा गुडघा वाकवून पुढे या. एका बाजूला सहा वेळा, मग दुसरी बाजू. उजवा पाय पुढे असताना गुडघा निम्माच सुटू द्या. तिथे हाडापाशी टोचलं तर तोही नाही, नुसतं मागेपुढे झुला.

आता उठा आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी जा. हात ओट्याच्या कडेवर, गुडघे सैल, पावलं मागे सरकवत पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत कुल्ले मागे ढकला. दोन-तीन श्वास राहा, एक टाच उचला, मग दुसरी, जागच्या जागी चालल्यासारखं. पुढे चालत या, सरळ व्हा. तीनदा. तुमच्यासाठी सध्या इथे थांबायचं.

ज्यांना हाडापाशी दुखत नाही त्यांनी शेवटी एक जोडायचं. उभ्याने गुडघे भरपूर वाकवून पोट मांड्यांवर टेकवा, हातांनी घोटे धरा आणि पोट मांड्यांपासून न सोडवता गुडघे सरळ करायचा प्रयत्न करा. ते फार थोडेच सरळ होतील. तेवढेच हवेत. वर येताना पुन्हा गुडघे वाकवून, हात मांड्यांवर ठेवून या. सरळ पायांनी झटक्यात वर येणं हा लचक भरण्याचा हमखास रस्ता.

सगळं मिळून आठ-दहा मिनिटांचं काम आहे, आठवड्यातून चार-पाच दिवस. त्याच्या जोडीला तुम्हाला ताकदीचा एक व्यायाम हवाच, आणि तुमच्या दुखण्यावर खरा इलाज तोच ठरण्याची शक्यता जास्त आहे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कुल्ले उचलायचे, म्हणजे साधं सेतुबंधासन. वीस-तीस सेकंद धरा, सोडा, असं चार-पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांत सोपं वाटायला लागलं की टाचा कुल्ल्यांपासून वीतभर लांब न्या. मग मांडीचा मागचा भाग जास्त काम करतो. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसलं, तर चालू ठेवा. वाढलं तर एक पायरी खाली. कंडरा सावकाश सुधारते, आठवड्यात फरक हे भाचीच्या वयाचं गणित आहे. दोन-तीन महिने धरून चाला.

वर्गाचं काय करायचं? सोडू नका असं मला वाटतं. पहाटे उठून चार माणसांत जाणं ही तुमच्या दिवसातली चांगली गोष्ट आहे आणि पत्रातून ते जाणवतं. पण सरांशी बोलावं लागेल, वर्ग सुरू व्हायच्या आधी, एकट्यात. “सर, मला हाडापाशी दुखतंय. मी काही दिवस गुडघे वाकवून आणि हात ठोकळ्यांवर ठेवून करणार आहे. आणि पाठीवर दाबू नका.” एवढंच बोला, कारणं देत बसू नका. चांगला शिक्षक याने दुखावत नाही. सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोक्यात सूर्यनमस्काराची एक खास मराठी परंपरा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नमस्कार संस्थानातल्या शाळांत सुरू केले, गावोगाव त्यांचा प्रचार केला. त्यात नेम आणि संख्या यांना मान होता. तो बाणा मला आवडतो. पण त्याच महाराष्ट्रात, पुण्यात, बी. के. एस. अय्यंगार यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, भिंतीचे दोर आसनांच्या मदतीला आणले, आणि आसनाच्या काटेकोरपणाबाबत त्यांच्याइतका कडक माणूस शोधून सापडायचा नाही. सर ठोकळ्याला नाक मुरडायला लागले तर हे नाव घ्या. उपयोग होतो.

तरीही त्यांनी पाठीवर हात ठेवलाच, तर मात्र वर्ग बदला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या शरीरावर जोर लावणं हे शिकवणं नाही, आणि तिथून निघून जाण्यात हार कसली?

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असलेल्या बायकांनी पाठ गोल करून जोरात पुढे वाकणं टाळावं, त्याने मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतं. वरच्या क्रमातला ओट्यापाशी सपाट पाठीने वाकायचा भाग त्यांना चालेल, तोही डॉक्टरांना विचारून. काचबिंदू असलेल्यांनी डोकं कमरेच्या खाली जाईल असं काहीही करू नये. कमरेतून निघालेली कळ गुडघ्याच्या खाली जात असेल, पावलाला मुंग्या येत असतील, चवडा उचलायला जड जात असेल, तर ताणायचे व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. आणि मांड्यांच्या मधल्या, सायकलच्या सीटवर टेकणाऱ्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. यात सकाळची वाट बघायची नसते.

ताई, तुम्ही या आठवड्यात एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. जाताना तीन गोष्टी लिहून न्या: बसल्यावर किती मिनिटांनी दुखायला लागतं, जिना चढताना दुखतं की उतरताना, आणि बोटाने दाखवता येईल अशी जागा आहे की पसरट. एवढ्यावरून त्यांचं निम्मं काम होतं. कंडरेचंच दुखणं निघालं तर ताकदीच्या व्यायामाचा पुढचा टप्पा ते ठरवून देतील.

रथसप्तमीला १०८ घालू नका. आधी सूर्योदयानंतर जरा अंग मोकळं करा, मग ठोकळ्यांवर हात ठेवून, गुडघे वाकवून, तुमच्या श्वासाच्या वेगाने बारा घाला. बाकीचा वेळ वही घेऊन बसा आणि सगळ्यांचे मोजा. १०८ च्या वर्गात ऐंशीच्या पुढे आकडा कोणालाच नक्की आठवत नसतो, त्यामुळे या कामाला तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही.